अंगणातली बाज

साल दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी बाज अंगणाच्या बरोबर मधोमध असायची.

बाज मी स्वतः केलेली. निंबाचं लाकूड, सुतळीची वीण. चौतीस वर्षं मी कापसाच्या जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर होतो, सरकी इकडे, रुई तिकडे. कंबर गेली तेव्हा मालकानं अंगावर शाल घातली आणि घरी पाठवलं. एप्रिल महिना होता. आमच्याकडच्या एप्रिलात शाल! ती मी पेटीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी बाज करायला घेतली.

बाजेवर बसलं की सगळं दिसायचं. समोर घराचं दार, डाव्या हाताला नळ आणि मोरी, उजवीकडे संडास, पाठीमागे फाटक. घरातल्या कोणालाही कुठे जायचं तर माझ्या बाजेला वळसा घालून जावं लागे. मला त्याचा अभिमान होता. आता लिहिताना त्याच गोष्टीचा संताप येतो, पण तेव्हा अभिमान होता, खोटं काहून लिहू.

मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षराला अक्षर लावून वाचतो, लिहितोही तसाच. वेळ लागतो. पण एकदा वाचलेलं विसरत नाही, आणि कोणी केलेलंही विसरत नाही.

आमचं गाव अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून नळ आला की सगळं गाव जागं होतं. घरात मी, माझी बायको, सून आणि तिची दीड वर्षाची पोरगी. मुलगा अकोल्याच्या दालमिलमध्ये कामाला, सुटी मिळाली की येणार. सून लग्नाआधी आणि लग्नानंतरही हंगामात जिनात कापूस निवडायला जायची. पोरगी झाली तेव्हापासून घरी.

ही सून कशी? तर आठ वर्षांत तिचा आवाज गल्लीत गेला नाही. डोक्यावरचा पदर माझ्यासमोर कधी ढळला नाही. मला मामाजी म्हणायची, तेही खाली पाहून. पारावर चार म्हातारे आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगायचे तेव्हा मी मिशीला हात लावून म्हणायचो, "आमच्या सुनेचा तर खोकलाबी आइकू येत नाही."

हे मी खरंच म्हणायचो. शब्दाला शब्द. पारावरचे दोघं अजून जिवंत आहेत, विचारा.

त्या वर्षी कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली तेव्हा बायको मला म्हणाली, "आइकता का. पोरीचं पोलकं पाह्यलं का तुमी? अंगावर टांगल्यावानी दिसते."

"मी सुनेचं पोलकं पाहू काय व?"

"नका पाहू. पण रोज संध्याकायी कणकण येते तिले. रातभर घाम. आशाताई म्हनत होती, थुकी तपासून घ्या."

गावातल्या डॉक्टरनं आधीच दोन सलाईन लावून सांगितलं होतं की ही जिनातली धूळ आहे, छातीत बसली आहे, निघून जाईल. मला ते पटलं होतं. मी स्वतः चौतीस वर्षं ती धूळ खाल्ली होती. पण आशाताई फाटकाशी उभी राहून म्हणाली, "आबाजी, धुळीनं ताप येत नाही." ती पोरगी दहावी शिकलेली, तोंडाची फटकळ. तिचं ऐकलं.

मुलगा नव्हता म्हणून मीच सुनेला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर बाकीचे दवाखाने म्हणतील, ते आम्ही नव्हे.

खिडकीत एक पोरगा बसला होता. कानात ते गाण्याचं बोंडूक. मान वर न करता त्यानं दोन डब्या सरकवल्या.

"एक आत्ता. एक उद्या सकाळची. थुंकी आणा."

"कुठं थुकायचं भाऊ?"

"डबीत."

मागच्या रांगेतले हसले. सुनेनं डबी घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती व्हरांड्याची भिंत. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला पन्नास माणसांची रांग. कोणी धक्का देऊ नये म्हणून मी तिच्या अगदी पाठीशी उभा राहिलो, हात पसरून, कोंबडीवर टोपली धरावी तसा. तिनं पदरात तोंड घेतलं, बारीकसं थू केलं आणि डबी बंद केली. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी माझ्या बाजेला वळसा घालून मोरीवर गेली. चूळ भरल्याचा आवाज आला. मग परत बारीकसं थू. डबी मीच पिशवीत घालून पहिल्या यष्टीनं नेऊन दिली.

चार दिवसांनी कागद मिळाला. डॉक्टर म्हणाला, "टीबी नाही. खोकल्याचं औषध देतो." लाल बाटली. मी खुश. पारावर सांगितलं, सरकारी कागद आहे, काही निघालं नाही. सुनेलाही दरडावलं, "दुखनं मनातून काढ आता."

तिनं मान हलवली. ती कशाला नाही म्हणणार?

तुरी सोंगून झाल्या तेव्हा थंडी पडली होती. एका दुपारी बायको मोरीवर धुणं धूत होती. तिनं सुनेच्या लुगड्याचा पदर माझ्या बाजेवर आणून आपटला. ओला. पदराच्या टोकाला तपकिरी डाग, आणि त्याच्यात एक लाल.

"हे काय हाये थे सांगा. तुमच्या सरकारी कागदात लिवलं हाये काय हे?"

दारात पोरगी हात वर करून उभी होती, आणि सून तिला उचलून घेत नव्हती. हात पुढे करून परत मागे घेत होती. तेव्हा मी पहिल्यांदा सुनेकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. वय सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी परत तालुका. या वेळी मी भांडायचं ठरवूनच गेलो होतो. सून व्हरांड्यात बसली, मी डॉक्टरपुढे उभा. टेबलापुढची खुर्ची भरलेली होती, तिच्यावर औषधांचे खोके.

"आबाजी, तुमच्या सुनेच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आहेत. आता तुम्हाला टीबी पाहिजेच आहे का?"

रांग हसली.

"मले टीबी कायले पायजे? मले माही सून पायजे."

डॉक्टरनं पेन ठेवलं. "छातीचा फोटो काढावा लागेल."

"काढा न मंग."

"मशीन आहे. चालवणारा नाही. जिल्ह्याला जा."

"चालवनारा कवा येते?"

"ते वर विचारा."

"वर कोन हाये? छपराचे कवेलू?"

आता रांग परत हसली, पण या वेळी माझ्या बाजूनं. त्याचा काही उपयोग नव्हता. हसून कोणाच्या छातीचा फोटो निघत नाही. डॉक्टरनं रागानं पॅडवरची चिठ्ठी फाडली, तिच्यावर परत थुंकी तपासा म्हणून लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

खिडकीपुढे उभं असताना भिंतीवरची पाटी वाचली. रुग्णांचे हक्क. निळा रंग, पांढरी अक्षरं, अर्धी पाटी झाडूच्या मागे. मी अक्षराला अक्षर लावत गेलो. माहिती मिळण्याचा. मान मिळण्याचा. तिसऱ्या ओळीत अडलो. खा, ज, गी, प, णा. हा शब्द कधी बोललो नव्हतो, ऐकलाही नव्हता.

खिडकीत या वेळी तो पोरगा नव्हता. पन्नाशीला आलेली एक बाई होती, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. सुनेनं भिंतीकडे तोंड करून बारीकसं थू केलं, मी हात पसरून मागे उभा होतोच, आणि डबी खिडकीत ठेवली. बाईनं ती उचलून उजेडात धरली. फिरवून पाहिली.

"हे काय आणलं? हे तोंडातलं पाणी आहे. छातीतला बेडका पाहिजे. याच्यात काय सापडणार?"

"मांगच्या येळेलेबी असंच देल्लं होतं," मी म्हणालो.

तिनं रजिस्टर काढलं. बोट फिरवत एका ओळीवर आली आणि थांबली.

"काय लिवलं हाये?"

"थुंकी कशी आहे त्याचा एक रकाना असतो."

"त्याच्यात काय लिवलं हाये?"

"लाळ," ती म्हणाली. "दोन्ही वेळा लाळ."

म्हणजे त्या कानात बोंडूक घातलेल्या पोरानं पाहिलं होतं. त्याला समजलं होतं. त्यानं आपल्या हातानं लिहिलं होतं की ही लाळ आहे, आणि तरी डबी परत दिली नाही. लाळ तपासली, लाळेत टीबी नाही असं लिहिलं आणि कागद वर पाठवला. डॉक्टरनं शेवटचा शब्द वाचला, रकाना वाचला नाही. मी चौथी शिकलेला माणूस त्याच्याहून जास्त वाचतो. दोन महिने! त्या दोन महिन्यांत माझ्या सुनेच्या गळ्याची हाडं वर आली. एक माणूस एक वाक्य बोलला असता तर. बाई, परत खोका, एवढंच. त्याला सरकार पगार कशाचा देते?

मी हे सगळं मोठ्यानं बोललो. शिव्याही दिल्या, त्या लिहीत नाही. शिपाई आला, माझ्या दंडाला धरलं. "हात नको लावू," म्हणालो, "मी पेशंट नाई, पेशंटचा बाप हाये."

बाई खिडकीतून बाहेर आली. माझ्याकडे लक्षच दिलं नाही. सुनेसमोर उभी राहिली आणि हळू विचारलं, "बाई, छातीतून खोकून काढता येत नाही का? दुखतं का?"

सुनेनं नाही म्हणून मान हलवली.

"मग? लाज वाटते? कोणाची?"

सुनेनं पदर पुढे ओढला. तिच्या तोंडून जे आलं ते मी मरेपर्यंत विसरायचो नाही. एवढा बारीक आवाज, पण व्हरांड्यात सगळ्यांनी ऐकला असेल असं मला वाटलं.

"मामाजी हायेत न."

मी तिच्या पाठीशी उभा होतो. हात अजून पसरलेलेच.

राग आला की माणूस जे हाताशी असेल ते उचलतो. माझ्या हाताशी पाटी होती. मी बाईला म्हणालो, "तिकडं लिवलं हाये, खाजगीपणा. थे काय असते?"

"आडोसा समजा, आबाजी. चार माणसांसमोर लाजायची पाळी येऊ नये."

"मंग दाखवा न आडोसा. कुठसा हाये?"

तिनं दवाखान्याच्या मागे हात केला. थुंकीसाठी मोकळ्या हवेत वेगळी जागा असावी लागते, म्हणाली, मंजूर आहे, झाली नाही. मी जाऊन पाहून आलो. तिथे मोटरसायकली उभ्या होत्या आणि एक ड्रायव्हर डबा खात होता. परत आलो आणि सांगितलं, "सरकारनं आडोसा पाटीवर लिवला, बांधला नाई. माही सून कोनत्या कोपऱ्यात जाऊन खोकन? तुमच्या फटफटीवर बसून?"

बाई चिडली नाही. तिनं नवीन डबी दिली. सुनेला शिकवलं: उठल्याबरोबर, चूळ भरून, तीनदा खोल श्वास घ्यायचा, रोखायचा आणि मग पोटातून खोकायचं. उघड्यावर, वारा असेल तिथे. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आमच्याकडे नाही तर नाही. घरी तरी आडोसा असेल ना?"

"आमचं घर हाये, धर्मशाळा नाई," मी ताठ मानेनं म्हणालो.

काळीपिवळीत सून समोरच्या बाकावर बसली, खिडकीकडे तोंड करून. गाडी खड्ड्यात आपटली की तिच्या छातीत काहीतरी उसळायचं. मी पाहत होतो. ओठ घट्ट मिटायचे, घसा वर जाऊन खाली यायचा, डोळ्यात पाणी यायचं. आवाज नाही. गाव येईपर्यंत किती वेळा ते झालं ते मी मोजलं नाही. माझ्यासमोर बसून ती सगळं परत गिळत होती, आणि मी आठ वर्षं त्या गिळण्याची पारावर बढाई मारत होतो.

घरी आल्यावर बाजेवर बसलो. बायकोनं पाणी आणलं.

"सून घरात खोकत नाई काय?"

"खोकते न. तुमी पारावर गेले का खोकते. संडासात पानी ओतत खोकते. तुमी बाजेवर असले का गियते."

"मले काहून नाई सांगतलं?"

बायको माझ्यासमोर उभी राहिली. ती अशी कधी उभी राहत नाही, कामं असतात तिला.

"काय सांगू? हे काय सांगाची गोष्ट हाये? मीबी तशीच होतो. तुमच्या बापाची बाज इथंच होती, ह्याच जागी. सकायी घसा खाकराचा तरी मी नदीवर जात होतो. पन्नास वर्सांत तुमी माहा खोकला आइकला का? सांगा."

मी आठवून पाहिलं. ऐकला नव्हता. निमोनिया झाला होता तिला, मुलगा पोटात असताना. तेव्हाही नाही.

"थे दवाखान्यातली बाई म्हने, घरी आडोसा हाये काय," मी म्हणालो.

"मंग तुमी काय म्हनलं?"

"म्हनलं, धर्मशाळा नाई."

"धर्मशाळा बरी," ती म्हणाली आणि आत गेली.

दवाखान्यावरचा माझा राग काही कमी झाला नाही, तो आजही नाही. पुढे सुनेच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मधेच एकदा गोळ्याच नव्हत्या. खिडकीवर जाऊन बसावं लागलं, आशाताई आणि मी, तीन दिवस. एक्स-रेवाला माणूस अजून आलेला नाही. मागचा आडोसा अजून मंजूरच आहे. हे मी अर्ज लिहून कळवलं आहे, माझ्या अक्षरात, आणि उत्तर आलं नाही तर परत लिहीन. पोरगी आता माझ्या बाजेवर उड्या मारते आणि तिची आई तिला ओरडते. गल्लीत ऐकू जाईल एवढं ओरडते.

पण मला सांगायचं आहे ते त्या रात्रीनंतरच्या सकाळचं.

उजाडायच्या आधी उठलो. पेटीतून ती शाल काढून पांघरली. बाज उचलायला गेलो तर कंबरेनं साथ दिली नाही. बायको म्हणाली, "थांबा, शेजारच्याले बोलावतो." म्हटलं नको. माझी बाज आहे, मीच नेणार. एक टोक उचललं आणि ओढत फाटकाबाहेर काढली. तिच्या पायांचा असा आवाज झाला की सगळी गल्ली उठली. शेजारी दात घासत बाहेर आला.

"काय हो आबाजी, सुनेनं हाकललं काय?"

"हो. हाकललं. तुले काय कराचं हाये?"

तो तोंडातला फेस गिळून बसला. मी बाज ओढत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या यष्टीच्या थांब्यापर्यंत नेली आणि गावाकडे पाठ करून तिच्यावर बसलो.

थंडी होती. मग आमच्या घराकडून आवाज आला. आधी बारीक. मग थांबला. मग बायकोचा आवाज, "खोक माय, खोक, गेला थो." आणि मग तो खोकला आला. पोटातून, छाती फाडत, एकामागून एक. आठ वर्षांचा. मी मान वळवली नाही. गुडघ्यावर हात ठेवून ऐकत बसलो.

बायको डबी घेऊन आली. झाकण पक्कं लावलेलं, वरून प्लास्टिकची पिशवी. ती मी शालीच्या आत धरली आणि पहिल्या यष्टीनं तालुक्याला गेलो. बाज तिथेच थांब्यावर सोडली.

खिडकी उघडायच्या आधी पोचलो. चष्म्याची बाई आली. तिनं डबी उजेडात धरली, फिरवली, आणि मान हलवली.

"ही आहे," म्हणाली. "नाव सांगा."

मी माझ्या सुनेचं नाव सांगितलं, मागच्या रांगेच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. बाईनं पेन उचललं तेव्हा खिडकीच्या गजाला धरून म्हणालो, "रकान्यात काय लिवता, थे मले वाचून दाखवा. मंगच मी जातो."